भात्यात बाण किती?

गेल्या दिवाळीत फराळाला जमलेल्या मंडळींत रशिया-युक्रेनवरून जुंपली. मामांचं म्हणणं, रशिया जिंकलेलाच आहे, फक्त जाहीर व्हायचं बाकी आहे. एकाहत्तर साली आपल्या पाठीशी उभा राहिलेला देश हरेल कसा? भाचा म्हणे, तीन दिवसांत कीव्ह घ्यायला निघालेले चौथ्या वर्षीही दोनेत्स्कमध्येच चिखल तुडवताहेत, याला जिंकणं म्हणतात? पुराव्यादाखल दोघांनी मोबाइल पुढे केले. दोघांच्याही मोबाइलवर एकच नकाशा होता. चकलीचा तुकडा टेकवून मामा त्यातला लाल, म्हणजे रशियाच्या ताब्यातला भाग दाखवत होते आणि भाचा उरलेला.

टीव्हीवरच्या चर्चाही याहून वेगळ्या नसतात, फक्त तिथे चकली नसते. माझं म्हणणं असं की हा सगळा वाद चुकीच्या मापाने चाललाय. २०२२ च्या अखेरीपासून हे झिजेचं युद्ध आहे. कोणाची माणसं, तोफगोळे, वीजकेंद्रं आणि कर्ज काढायची ऐपत आधी संपते, याची ती शर्यत आहे. अशा युद्धाचा निकाल नकाशावरून सांगणं म्हणजे आखाड्याच्या कोणत्या कोपऱ्यात कुस्ती चाललीय त्यावरून जिंकणारा ठरवणं. बघायचा असतो तो दम. आणि या युद्धातून आपल्याकडे जे धडे काढले जातात (रणगाडे संपले, ड्रोन घ्या, विषय मिटला) ते याच चुकीच्या मापातून आलेले आहेत.

आकडेच घ्या. २०२४ या अख्ख्या वर्षात रशियाने युक्रेनची साधारण चार हजार चौरस किलोमीटर जमीन घेतली. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून थोडी जास्त. सहा लाख चौरस किलोमीटरच्या देशातला हा एक टक्काही नाही. पूर्वेकडच्या दोनेत्स्क प्रांतातलं अव्दीव्का शहर रशियाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतलं. तिथून पोक्रोव्स्क शहर सरळ रेषेत पंचेचाळीसेक किलोमीटर, सीएसएमटीहून लोकलने डोंबिवली गाठावी इतकं. त्या शहराच्या गल्ल्यांत रशियन सैनिक शिरले ते २०२५ च्या शरदात. भाच्याचा मुद्दा इथे बिनतोड वाटतो. पण अव्दीव्का पडली कशी? २०२४ च्या सुरुवातीला युक्रेनच्या तोफा दिवसाला जेमतेम दोन हजार गोळे डागत होत्या आणि समोरून त्याच्या कितीतरी पट येत होते, कारण वॉशिंग्टनमध्ये मदतीचं विधेयक महिनोन्महिने अडकून पडलं होतं. हे कुठल्याच नकाशावर दिसत नव्हतं. शहर गेल्यावर दिसलं. नकाशा खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतो.

नकाशाला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये खार्कीव्हच्या बाजूला युक्रेनने काही दिवसांत केवढा तरी मुलूख परत घेतला, नोव्हेंबरात खेरसन शहर सुटलं आणि त्याबरोबर रशियाची ओदेसा बंदराकडे जाणारी खुष्कीची वाटच बंद झाली. असे दिवस येतात. पण समुद्रावर काय झालं ते पाहा. जवळजवळ आरमारच नसलेल्या देशाने एप्रिल २०२२ मध्ये 'मोस्कवा' ही काळ्या समुद्रातल्या ताफ्याची प्रमुख नौका बुडवली. पुढे बिनमाणसांच्या स्फोटक होड्या पाठवून त्या ताफ्याचा मोठा भाग क्रिमियातल्या सेवास्तोपोलहून लांब रशियातल्या नोव्होरोसियस्कला पळायला लावला, आणि ओदेसाहून धान्याची जहाजं पुन्हा सुरू केली. युक्रेनचा हा कदाचित सगळ्यात मोठा विजय. जमिनीच्या नकाशावर त्याचा एक ठिपकाही उमटला नाही.

आपल्याच इतिहासातला १६९० सालचा नकाशा रंगवून पाहा. विजापूर १६८६ ला गेलं, गोवळकोंडा १६८७ ला, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला, आणि राजाराम महाराज निसटून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला जाऊन बसले. मोगलांचं राज्य तेव्हा दक्षिणेत इतकं पसरलं होतं की त्या रात्री नऊची चर्चा झाली असती तर सगळे तज्ज्ञ एकमताने उठले असते. पुढची सतरा वर्षं औरंगजेब इथेच होता. साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत किल्ले घेत गेला, काही वेढा घालून, काही पैसे मोजून. तो पुढे गेला की मागचा किल्ला पुन्हा मराठ्यांकडे. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो मेला तेव्हा मोगलांचा नकाशा भरलेला होता आणि खजिना रिकामा. आता लगेच पुतीन म्हणजे औरंगजेब अशी जोडी लावायला नको. युक्रेनचं सैन्य गनिमी काव्याने लढत नाही, ते खंदकात बसून रेषा धरतं. आणि पुतीनना आपली राजधानी तंबूत घालून फिरावं लागत नाही. शिवाय औरंगजेब दक्षिणेत होता त्या पंचवीसेक वर्षांत महाराष्ट्राचीही राखरांगोळी झाली, ते आपण सोयीस्करपणे विसरतो. युरोपातलं उदाहरण हवं असेल तर १९१८ घ्या. वसंतात जर्मन तोफांचे गोळे पॅरिसमध्ये पडत होते. नोव्हेंबरात जर्मनीने शस्त्रं ठेवली, तेव्हाही तिचं सैन्य परक्याच भूमीवर उभं होतं.

मामांचा खरा भक्कम मुद्दा मैत्रीचा नाही, गणिताचा आहे, आणि तो नीट मांडला तर झेपायला अवघड आहे. रशियाची लोकसंख्या चौदा कोटींवर. युक्रेनच्या ताब्यातल्या प्रदेशात चार कोटीही माणसं उरलेली नाहीत. २०२४ मध्ये नाटोचा अंदाज होता की रशिया महिन्याला अडीच लाख तोफगोळे बनवतोय. वर उत्तर कोरियाचे गोळे, आणि पुढे त्यांचे सैनिकसुद्धा. इराणकडून घेतलेलं शाहेद ड्रोन आता रशियातच, तातारस्तानातल्या अलाबुगाच्या कारखान्यात तयार होतं. ७ सप्टेंबर २०२५ च्या एका रात्रीत आठशेहून जास्त ड्रोन युक्रेनवर सुटले. उलट युक्रेनला एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय सत्तावीसवरून पंचवीसवर आणावं लागलं, त्यावरूनही घराघरात वाद झाले. रस्त्यावरून माणसं उचलून भरतीकेंद्रात नेल्याच्या तक्रारी आहेत, पलटण सोडून गेलेल्यांचे खटले लाखाच्या घरात आहेत. युक्रेनच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यावर गप्प राहू नये. भात्यातले बाण मोजायचे तर दोन्ही भात्यांतले मोजावे लागतील.

पण हे गणित अख्खा रशिया धरून मांडलेलं असतं, आणि अख्खा रशिया लढत नाहीये. २१ सप्टेंबर २०२२ ला पुतीननी तीन लाख माणसांची भरती जाहीर केली आणि लाखो तरुण जॉर्जिया-कझाकस्तानच्या सीमेवर रांगा लावून देशाबाहेर गेले. त्या धड्यानंतर माणसं हुकमाने नव्हे, पैशाने गोळा होऊ लागली. मॉस्को शहराने जुलै २०२४ मध्ये नुसती सही केल्याबद्दल १९ लाख रूबल देऊ केले. २०२५ च्या अंदाजपत्रकात जवळजवळ एक-तृतीयांश खर्च संरक्षणावर, मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ऑक्टोबर २०२४ मध्ये २१ टक्के. सोव्हिएत काळात दशकानुदशकं साठवलेले रणगाडे बाहेर काढता काढता टी-६२ आणि टी-५४ पर्यंत उतरावं लागलं. हे भांडार पुन्हा भरत नाही. सोव्हिएत संघ परत येऊन ते भरून देणार नाही. मेदियाझोना हे रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसी यांनी मृत्युलेख आणि थडगी धुंडाळून एक लाखाहून जास्त मेलेल्या रशियन सैनिकांची नावं पटवली आहेत, आणि ही फक्त सापडलेली नावं. मोठा देश हरत नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: १९०५ मध्ये जपानपुढे, १९१७ मध्ये जर्मनीपुढे आणि १९८९ मध्ये अफगाणिस्तानात रशिया लहान होता का?

भाच्याच्या पक्षाचा भाबडेपणा वेगळा. त्यांना दर सहा महिन्यांनी एक ब्रह्मास्त्र सापडतं. आधी जॅव्हलिन क्षेपणास्त्र, मग हायमार्स रॉकेटं, मग लेपर्ड रणगाडा, मग एफ-१६ विमान. जून २०२३ मध्ये युक्रेनने ओरिखिव्हहून दक्षिणेकडे मोठी चढाई केली, अझोव्हचा समुद्र गाठायचा बेत होता. लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या सुरुंगांच्या पट्ट्यात अडकून पडल्याची चित्रं जगाने पाहिली. रोबोतीने या एवढ्याशा गावापर्यंत पोचता पोचता ऑगस्ट संपत आला. नव्याने उभारलेल्या, थोडक्या आठवड्यांचं परदेशी शिक्षण घेतलेल्या ब्रिगेड, वर आकाशात आपलं विमान नाही, पुढे महिनोन्महिने खोदून ठेवलेली तटबंदी. त्या नोव्हेंबरात सरसेनापती झालुझ्नींनी स्वतःच लिहिलं की पहिल्या महायुद्धासारखी कोंडी झाली आहे. तीन महिन्यांत त्यांच्या जागी दुसरे आले. आणि ब्रह्मास्त्रं देणाऱ्यांकडे साधे बाण तरी होते का? २०२२ च्या सुरुवातीला अमेरिका महिन्याला १५५ मिमीचे साधारण चौदा हजार गोळे बनवत होती. जोराच्या लढाईत युक्रेनला ते तीन दिवस पुरते. युरोपियन युनियनने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळ्यांचं वचन दिलं आणि तोपर्यंत जेमतेम निम्मे पोचवले. तीस वर्षं युद्ध होणारच नाही असं धरून चाललेल्या श्रीमंत देशांची ही अवस्था.

आता ड्रोन. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण आपल्याकडचे सगळे रस्ते शेवटी ड्रोनपाशी येऊन थांबतात. ड्रोनने युद्ध बदललं, यात शंका नाही. चार-पाचशे डॉलरचं, डोळ्यांवर चष्मा चढवून उडवायचं एफपीव्ही ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतं. युक्रेनने २०२४ साठी दहा लाख ड्रोनचं उद्दिष्ट ठेवलं आणि ओलांडलं. बिनमाणसांच्या शस्त्रांसाठी सैन्याची स्वतंत्र शाखाच काढली. आघाडीपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या पट्ट्यात दिवसा गाडी दिसली की गेली, म्हणून सैनिक शेवटचे कित्येक किलोमीटर पायी जातात, दोघं-तिघं एका खड्ड्यात आठवडेच्या आठवडे काढतात, आणि त्यांचं पाणी-जेवण कधी वरून ड्रोन टाकतं तर कधी चाकांवरचा यंत्रमानव घेऊन येतो.

यावरून रणगाड्याचं श्राद्ध घालणारे लोक विसरतात की ते पूर्वीही घालून झालंय. १९७३ मध्ये सिनाईत इजिप्तच्या पायदळाने सॅगर या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांनी इस्रायलचे रणगाडे टिपले, तेव्हा जगभर हेच छापून आलं. त्याच महिन्यात इस्रायली रणगाडे सुएझ ओलांडून पलीकडे गेले होते. अव्दीव्का फोडायला ड्रोनइतकेच कारणीभूत ठरले ते जुन्यापान्या सोव्हिएत बॉम्बना पंख लावून साठ-सत्तर किलोमीटरवरून सोडलेले ग्लाइड बॉम्ब. २०२३ ची चढाई अडवली ती प्रामुख्याने सुरुंगांनी, म्हणजे शंभर वर्षं जुन्या कल्पनेने. आणि नव्या शस्त्राचं आयुष्य किती? जीपीएसवर चालणारा अमेरिकेचा एक्सकॅलिबर गोळा आला तेव्हा नेमका लागायचा. रशियनांनी संकेत जाम करायला सुरुवात केली आणि युक्रेनच्याच लष्करी नोंदींनुसार तो दहातला एकही धड लागेना. रेडिओ जाम होतो म्हणून रशियनांनी संकेत वाहून नेणाऱ्या केसासारख्या काचतंतूची रिळं लावलेली ड्रोन आणली, ती जाम होत नाहीत. आज तिथल्या शेतांवर आणि झाडांवर त्या तंतूंची जळमटं लोंबतात. त्यावर उतारा म्हणून रस्त्यांवर मैलोन्मैल जाळी ताणली, त्यातली काही फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या कोळ्यांनी वापरून टाकून दिलेली. आपल्याकडे एखादा ड्रोन खरेदीचा प्रस्ताव सहीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर जाईस्तोवर तिकडे त्या ड्रोनवर उतारा निघून, त्या उताऱ्यावर उतारा निघालेला असतो. म्हणून कोणतं ड्रोन घ्यावं हा प्रश्नच दुय्यम. खड्ड्यातल्या सैनिकाची तक्रार ड्रोन जोडणाऱ्या पोराच्या टेबलापर्यंत पोचून बदललेलं ड्रोन किती दिवसांत परत येतं, हे विचारायला हवं. युक्रेन या बाबतीत आधी पुढे होता. २०२४ नंतर रशियाही झपाट्याने शिकला. रशियन सैन्य मूर्ख आहे असं धरून चालणाऱ्यांचा हिशेब तिथे चुकला.

जमीन द्या आणि युद्ध थांबवा, हाही सल्ला मामांचाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेकडून आलेल्या २८ कलमी मसुद्यात युक्रेनने दोनेत्स्कचा उरलेला भागही सोडावा असं होतं. जमीन देऊन तह करणं म्हणजे नामुष्की, असं मी मानत नाही; मराठी माणसाने तर मुळीच मानू नये. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले, आणि १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केली. फिनलंडने मार्च १९४० मध्ये व्हिबोर्ग आणि कारेलिया सोडलं, चार लाख माणसं विस्थापित झाली, पण देश आणि सैन्य राहिलं. उलट चेकोस्लोव्हाकियाने सप्टेंबर १९३८ मध्ये सुडेटनलँड दिलं, आणि सहा महिन्यांत उरलेला देश न लढता गेला. फरक कशात? किती दिलं त्यात नाही. काय राहिलं त्यात. महाराजांनी ठेवलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आणि रायगड होते. चेकांनी दिलेल्या पट्ट्यात त्यांची डोंगरातली बहुतेक तटबंदी होती. दोनेत्स्कच्या उरलेल्या भागात स्लोव्हियान्स्क, क्रामातोर्स्क, द्रुझकिव्का, कोस्त्यान्तिनिव्का ही २०१४ पासून बांधत आणलेली शहरांची साखळी आहे. तिच्यामागे नीपर नदीपर्यंत बहुतेक उघडं माळरान. नकाशावर ती छोटीशी पट्टी दिसते, 'एवढ्यावरून कशाला ताणता' असं म्हणण्याइतकी छोटी. राजगडही नकाशावर छोटाच दिसत असणार. कागदावरच्या हमीचं म्हणाल, तर १९९४ मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रांच्या बदल्यात युक्रेनला ती मिळालीच होती. सही करणाऱ्यांत रशियाही होता.

मग आपल्यासाठी यात काय? यावर अनुभवी लोकांकडून येणारा आक्षेप वजनदार आहे: आपली युद्धं लांबत नाहीत. १९७१ चं तेरा दिवसांत संपलं, मे २०२५ मधला संघर्ष चार दिवसांत. दोन्ही शेजाऱ्यांकडे अण्वस्त्रं, जगाचा दबाव, लांबणार कसं? खरं आहे. पण तीन दिवसांचा बेत पुतीननीही आखला होता. १९१४ मध्ये जर्मन कैसरने सैनिकांना पानगळीआधी घरी पोचाल असं सांगितलं होतं. टाळी एका हाताने वाजत नाही, तसं युद्ध एका हाताने थांबतही नाही. आणि छोट्या युद्धाची भूक तरी लहान असते का? कारगिलमध्ये, एका जिल्ह्यातल्या डोंगररांगेवर, आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे आणि रॉकेटं डागली. 'जे हाताशी आहे ते घेऊन लढू' हे लष्करप्रमुख जनरल मलिक यांचं वाक्य त्याच उन्हाळ्यातलं. आपण ते शौर्याचं म्हणून उद्धृत करतो, ती खरं तर गोदामाची यादी होती. चाळीस दिवसांचा साठा हवा असा नियम असताना सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता, असं महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवलंय. तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली, खासगी कारखानेही गोळे बनवू लागले. पण यावर किती चर्चा झाल्या, आणि राफेलवर किती? अग्निवीर योजनेवरही दोन्ही बाजू पेन्शनवरूनच भांडतात. चार वर्षं शिकवून घरी पाठवलेल्या तीन-चतुर्थांश पोरांना गरज पडली तर परत कसं बोलवायचं, कुठे, कोणत्या पलटणीत, हा युक्रेनने विचारायला लावलेला प्रश्न मला कुठल्याच चर्चेत ऐकू आलेला नाही.

महाराष्ट्राला तर हा विषय परका नसावा. दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या बारा कारखान्यांपैकी निम्मे आपल्याकडे आहेत: खडकीत दोन, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा. युरोपात गोळ्यांचं उत्पादन वाढवताना एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या वस्तूवर घोडं अडलं. सरकीला चिकटून राहणारा कापसाचा आखूड तंतू. त्यापासून नायट्रोसेल्यूलोज होतं, त्यापासून गोळा फेकणारी दारू. आणि हा तंतू युरोप मुख्यतः चीनकडून घेतो. विदर्भातल्या जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पाहत वाढलेल्यांना यावर चार गोष्टी सांगता याव्यात.

मामा अशाच एका निर्माणीतून निवृत्त झालेत. चकल्या संपल्यावर मी त्यांना विचारलं, कारगिलच्या वेळी तुमच्याकडे काय चाललं होतं? त्यांनी मोबाइल उलटा ठेवला आणि पुढचा तासभर नकाशाचं नावही काढलं नाही. पाळ्या कशा वाढवल्या, घरून डबे कसे यायचे, गोळ्याचं कवच एका गावाहून, फ्यूज दुसऱ्या गावाहून, दारू तिसऱ्या, आणि रेल्वेचा एक डबा अडला की बाकीचे सगळे गोदामात कसे बसून राहायचे. भाचा मध्येच म्हणाला, ''पण मामा, एक गोळा तयार व्हायला लागतं किती?'' मामा बोटं मोजू लागले, मग थांबले. ''सगळं हाताशी असलं तर?'' त्यांनी विचारलं.